आबांचे दात, खिजरभाईंचा माईक

माईकमधलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला कळत नाही! हे मी स्वतःच सांगतोय म्हणून तुम्हाला फुशारकी वाटेल. पण दुसरं कुणी सांगायला तयार नाही, मग मी तरी काय करू?

लोक मला विचारतात (खरं तर विचारत नाहीत, मीच विषय काढतो), "घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर माईक कुठला घ्यावा?" माझं उत्तर ठरलेलं. जुना घ्या! नवा माईक म्हणजे पिशवीतलं दूध. भागतं सगळं, पण साय धरत नाही. जुन्या माईकला एक ऊब असते. ऊब म्हणजे नक्की काय ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी तासभर बोलता येतं.

माझ्याकडं असे बरेच जमलेत. एक बंद पडलेल्या शाळेतला, प्रार्थनेचा. त्यात कुणी प्रेमानं बोललं तरी 'सावधान' म्हटल्यासारखं ऐकू येतं. एक जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर आलेला, काडेपेटीएवढा, स्वस्त आणि मस्त. त्यात पुरुषाचा आवाज बाईचा येतो, पण स्वच्छ येतो हं! एक हातकणंगल्याच्या बँडवाल्याकडनं उचलला. त्यात अजून गुलाल आहे. गाणारा पहिल्या ओळीला गातो आणि दुसऱ्या ओळीला शिंकतो.

संयोगिता, म्हणजे माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिचा या छंदाला विरोध आहे असं नाही. मागच्या खोलीत तिला शिलाई मशीन ठेवायचं होतं, तिथं माझे माईक बसले, एवढंच. ती अधूनमधून विचारते, "अहो, ह्यातला एक तरी चालतो का?" शिक्षकांना प्रश्न विचारायची खोड असते. मी मनावर घेत नाही.

मी स्वतः आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहून देतो : आधी जोडणी बघा, मग बटण दाबा. तेव्हा विजेच्या वस्तूंबद्दल मला कुणी शिकवू नये.

रेकॉर्डिंगला आम्ही संयोगिताचाच लॅपटॉप वापरतो. शाळा मोबाईलवर भरायच्या त्या काळात घेतलेला. त्याचा पंखा सुरू झाला की शेजारचे विचारतात, "दळण टाकलंय काय?" आणि त्याच्या कडेला मोहरीएवढं एक भोक आहे, त्याला कंपनी म्हणते माईक! मी त्या भोकाला किती वेळा हसलोय म्हणून सांगू! "संयोगिता, मुंगीला गाणं म्हणायचं असलं तर तुझा माईक चांगला आहे!" ती वह्या तपासत राहिली. तिनं तेव्हा बोलायला हवं होतं.

तर मध्यंतरी खिजरभाईंकडं मला तो माईक सापडला. खिजरभाईंची साउंड सर्व्हिस एके काळी मुरगूडपर्यंत गाजलेली. यात्रा असो, लग्न असो, मोहरमच्या पंज्यांची मिरवणूक असो, कर्णा खिजरभाईंचाच. आता डीजेवाले आले, कर्णे माळ्यावर गेले. त्या माळ्यावरच्या धुळीतनं त्यांनी तो काढला. दुधाच्या चरवीएवढा, जाळीदार, वजनाला वरवंटा! मला तर भरून आलं.

"चालू आहे ना, खिजरभाई?"

खिजरभाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"चालू हाय का म्हंजे? सर, ह्येच्यात कोन कोन बोलून गेलंय ठावं हाय का? बोलनारी मानसं गेली, माईक हाय की अजून! ह्यो नुसता ऐकत न्हाय सर, ध्यानात ठेवतोय!"

या उत्तरात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला आज लिहिताना दिसतंय. त्या दिवशी दिसलं नाही. खिजरभाईंनी त्याला लॅपटॉपात बसेल अशी नवी पिनही लावून दिली. किंमत सांगत नाही, कारण हे संयोगिता वाचणार आहे.

माईक घेऊन घरी आलो तर आबा सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, हनुवटी धरून बसलेले. आबा म्हणजे माझे वडील, ज्ञानू आबा. आयुष्य दूध डेअरीत फॅट तपासण्यात गेलं आणि संध्याकाळ भजनात. त्यांचे खालचे दात कधीच गेलेत, वरचे पुढचे तेवढे उरलेत, तेही येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवून नमस्कार करतात.

"पिरथ्या," आबा म्हणाले (माझं नाव पृथ्वीराज आहे, पण ते फक्त रेशनकार्डावर), "सोमवारी दाताचा डाक्टर समदं दात उपसनार. दात गेलं की 'किस्ना'तला 'स' गेला. 'स' गेला की माजी गवळण गेली. त्याच्या आदी तुज्या त्या डबड्यात एकदा भरून ठेव."

आबांची गवळण म्हणजे त्यांनी स्वतः रचलेली. डेअरीतल्या माणसाला सुचेल तशीच : 'थेंब पान्याचा घालू नगंस, गवळणी, किस्ना बगतोय गं!' शेवटच्या 'गं'वर आबा असे काही वर जातात की गल्लीतली कुत्री उठून बसतात.

"भरून ठेवू की आबा. पण एवढी घाई कशाला?"

आबांनी हलता दात जिभेनं चाचपला. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "गुंड्याला धाडायची हाय."

मी गार पडलो! गुंडूतात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, मुरगूडला असतात. एके काळी ज्ञानू-गुंडू ही भजनातली जोडी होती. एका हरिनाम सप्ताहात कुणीतरी चहा पिता पिता विचारलं, "काय गा, दोघांत गळा कुनाचा भारी?" आबांना वाटलं, गुंडू म्हणेल 'दादाचा'. तात्यांना वाटलं, दादा म्हणेल 'गुंडूचा'. दोघंही वाट बघत बसले. चहा गार झाला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत! लग्नकार्यात भेटतात, पण एक नवऱ्याकडनं बसतो आणि एक नवरीकडनं.

"एकदा ऐकू दे त्याला," आबा म्हणाले. "दात हायत तवर ऐकू दे. मग म्हनू दे काय म्हनायचं त्ये. त्येच्या तोंडनं एकदा ऐकलं की दात जाऊ दे न्हायतर मी जाऊ दे."

आता बोला! म्हाताऱ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या माईकाकडं काहीतरी मागितलं होतं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "आबा, असं रेकॉर्डिंग करतो की तात्या मुरगुडातनं चालत येतील!"

माझा बेत पक्का होता. रविवारी सकाळी मागची खोली चारी बाजूंनी बंद करायची. भिंतींना गाद्या, खिडकीला घोंगडं, आत स्टुलावर माईक, माईकापुढं आबा, आबांपुढं मी. लॅपटॉपचा पंखा गुरगुरतो म्हणून लॅपटॉप बाहेर सोप्यात. माईकची वायर दाराखालच्या फटीतनं बाहेर काढून त्याला जोडायची आणि फटीत गोधडीसारखी जाडजूड वाकळ कोंबायची. नाद खुळा बेत!

राहिली गल्ली. आमची गल्ली मंगळवार पेठेत. इथं माणूस शेजारच्याशी बोलतो ते पलीकडच्या पेठेला ऐकू जावं अशा बेतानं. त्यातनं रविवार! रविवारी सकाळी कोल्हापुरात प्रत्येक घरात मटणाचा कुकर चढलेला असतो. शिट्ट्यांवरनं कुणाकडं पाव किलो आणि कुणाकडं पावणं आलेत ते कळतं. मी शनिवारीच घरोघर जाऊन हात जोडले. उद्या सकाळी कुकर नको, मिक्सर नको, टीव्ही नको, गाडीचा हॉर्न नको. आबांची गवळण भरायची आहे. कोल्हापूरचा माणूस तोंडानं कडक, पण शब्दाला पक्का! सगळे 'व्हय' म्हणाले. समोरच्या बाळाबाईंनी तर गल्लीच्या तोंडावर स्वतः उभं राहून गाड्या अडवायचं कबूल केलं.

"पण मावशी, तुम्ही पण बोलायचं नाही हं!"

"मी कशाला बोलू? मी कवा बोलती का?" असं म्हणून बाळाबाई अर्धा तास बोलल्या.

संयोगिता म्हणाली, "रविवारी मटण नाही, मिक्सर नाही आणि बोलायचं पण नाही? मी माहेरी जाते." ती सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला गेली. हे एक बरं झालं असं मला वाटलं. माझे अंदाज त्या दिवशी सगळेच असे होते.

रविवार उजाडला. नवी वस्तू म्हटल्यावर आधी पूजा. आबांनी माईकला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली, नारळ वाढवला. मी झेंडूचा हार आणला होता, पण माईकाला हार घातला तर आवाज दबेल, म्हणून तो सोप्यातल्या खुंटीला अडकवला. त्या खुंटीवर आबांचा फोटो असतो, डेअरीतनं निवृत्त झाले तेव्हाचा, फेट्यातला. उदबत्तीच्या धुरानं आबांना ठसका लागायला लागला म्हणून उदबत्तीही बाहेर आणली आणि फोटोखालच्या फळीवर खोचली. दोघांचे मोबाईल बंद केले.

वायर, दार, वाकळ सगळं जमवता जमवता आबा आतनं ओरडायला लागले, "चल की रं! दात दुकाय लागलं!" मी लॅपटॉपवर लाल बटण दाबलं, धावत आत गेलो, दार लावून घेतलं, वाकळ ठोकून ठोकून फटीत बसवली. आत मी, आबा, माईक आणि अंधार. भट्टीच!

पुढचं बाहेरचं सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही आत घाम पुसत होतो.

गल्ली एवढी शांत झाली की रंकाळ्यावरनं येणारे कावळे थबकले म्हणे! अशा वेळी आमचे अमरसिंह गल्लीत शिरले. अमरसिंह हे आमच्या भागाचे भावी नगरसेवक. गेल्या तीन निवडणुका ते भावीच आहेत. गल्लीच्या तोंडाशी बाळाबाई उभ्या. त्यांनी हात आडवा करून मोटारसायकल थांबवली.

"काय झालं मावशी?"

बाळाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. गाडी बंद करून ढकलत न्यायची खूण केली. मग आमच्या घराकडं हात केला आणि मान हलवली. 'तिकडं चाललंय, गप जा' एवढाच त्याचा अर्थ होता. पण अमरसिंहांनी आयुष्यात बाळाबाईंना गप्प बघितलं नव्हतं! ते हादरले. कान दिला तर एका घरातनं शिट्टी नाही. रविवार, आणि एकही कुकर नाही! कुणाकडं चूल पेटलेली नाही म्हणजे गल्लीत काय झालेलं असतं हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. ते चपला काढून आमच्या सोप्यात आले. समोर आबांचा फोटो, फोटोला झेंडूचा ताजा हार, खाली उदबत्ती, आतली खोली बंद.

अमरसिंहांनी फोटोला हात जोडले, मोबाईलवर तो टिपून घेतला, बाहेर गेले आणि ज्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही ते केलं. डिजिटल बोर्डाची ऑर्डर दिली!

भागाच्या ग्रुपवर आबांचा फेट्यातला फोटो पडला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याखाली आबांपेक्षा मोठा अमरसिंहांचा फोटो. तिथनं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर, तिथनं मुरगूडला. गुंडूतात्यांनी मला फोन लावला, बंद. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आबांना लावला, तोही बंद. मग काय राहिलं? तात्यांनी मिळेल ती गाडी धरली. गल्लीतली माणसंही सोप्यात येऊन बसली; आत तयारी चाललीय असं समजून कुणी दार वाजवलं नाही.

इकडं आत आमचं काय चाललं होतं? आबांचा गळा लागत नव्हता! एकदा ठसका. एकदा मध्येच, "पिरथ्या, पानी." एकदा गवळण अर्ध्यावर आली आणि वरचा दात असा हलला की आबांनी तो जिभेनं जाग्यावर लावून पहिल्यापासून सुरुवात केली. मी शर्ट काढला. आबांना मात्र घाम आल्यावर गार लागेल म्हणून वाकळ पांघरायची हौस! असं करता करता एकदाचा गळा लागला. अहाहा! 'थेंब पान्याचा घालू नगंस...' माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, या माणसाला मी जन्मभर ऐकत आलोय, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. 'किस्ना' आला, त्यातला 'स' आला, स्वच्छ, सगळ्या दातांनिशी! आबा शेवटच्या 'गं'साठी वर निघाले...

"दादाऽऽऽ!"

बाहेरनं असा काही टाहो फुटला की भिंतीची गादी खाली पडली.

आबा थांबले. "गुंड्याचा आवाज न्हवं ह्यो?"

"आबा, थांबू नका! गं! फक्त गं राहिलाय!"

पण आबा दाराला कान लावून बसलेसुद्धा. बाहेर तात्या रडत होते. "दादा, मला सोडून गेलास रं! इतकी वर्सं बोललो न्हाय रं तुज्याशी!"

मी दाराकडं झेपावलो. आबांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"थांब की. बोलू दे त्याला."

"आबा! त्यांना वाटतंय तुम्ही..."

"कळलं मला. गप बस."

बाहेर तात्या फोटोपुढं बसले असावेत. "कशाचा राग धरला मी? कशाचा? गळा कुनाचा भारी म्हनं! आरं दादा, तुजाच भारी हुता! मला काय ठावं न्हवतं व्हय? तुज्या पासंगाला मी पुरलो न्हाय कदी! त्या दिशी चार मानसांत म्हनालो आसतो तर काय जीब झडली आसती काय माजी? मुरगुडातनं आजऱ्यापतूर असा गळा न्हाय दादा, न्हाय!"

दाराच्या चिरेतनं येणाऱ्या उजेडात दिसलं, आबांच्या गालावरनं पाणी ओघळत होतं. घाम नव्हता तो. तोंड मात्र हसत होतं, सगळे हलते दात दाखवून. मलाही हुंदका आला. बाप असा मी कधी बघितला नव्हता.

"आता उघडू का, आबा?"

"आनी जरा बोलू दे."

तात्यांनी नाक शिंकरलं. जरा शांत झाले. आणि मग, जवळच्या माणसाबद्दल बोलताना सुटतं तसं त्यांच्या तोंडनं सुटलं, "तालात तेवडा कच्चा हुता. पर गळा..."

धाडकन दार उघडलं!

"ताल कुनाचा कच्चा रंऽऽ?"

अंगावर वाकळ, घामानं निथळणारे, डोळे लाल, केस उभे, असे आबा उंबऱ्यात! सोपा माणसांनी भरलेला होता. कुणी टोपी काढून बसलेलं, कुणी मान खाली घालून. पुढचे जे उठले ते थेट रस्त्यावर! अमरसिंह बोर्ड घेऊन दारात येत होते, ते बोर्डासकट मागं फिरले. आणि सकाळपासून दाबून धरलेल्या बाळाबाई एकदम सुटल्या, "आगं आई गंऽऽ! म्हातारं उठलं की!"

"मावशी, आबांचं गाणं भरतोय म्हणून तुम्हाला सांगितलं होतं की!" मी ओरडलो.

"मला काय ठावं? येवडी मानसं रडाय लागली, मला वाटलं गाता गाता गेलं!"

तात्या मात्र हलले नव्हते. आबांकडं बघत राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तो आबांच्या पाठीत हाणत हाणत त्यांना मिठी मारली.

"मेला न्हाईस व्हय रं! मेला न्हाईस व्हय!"

"तू म्हनशील तवा मरायचं व्हय?"

दोघं म्हातारे एकमेकांना धरून रडत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. बघणाऱ्यांतल्या एकाचाही डोळा कोरडा नव्हता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं गॅस पेटवा की!" आणि पाचच मिनिटांत सगळ्या गल्लीचे कुकर एकदम चढले.

चहा झाल्यावर आबा भिंतीला टेकून म्हणाले, "काय गुंडू, गळा कुनाचा भारी म्हनालास?"

तात्यांनी कप खाली ठेवला. "मी? मी कुटं काय म्हनालो?"

"आता म्हनालास की! समद्यांनी ऐकलं!"

तात्यांनी सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांनी चहात बघितलं. आमच्याकडची माणसं बोलायला फटकळ, पण पाव्हण्याला तोंडघशी पाडत नाहीत. अमरसिंह म्हणाले, "दुक्कात मानूस काय बी बोलतंय, आबा."

आबांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. आणि तेव्हा, वाचकहो, माझी वेळ आली! लॅपटॉप कोपऱ्यात अजून गुरगुरत होता. लाल बटण अजून लालच होतं.

"थांबा," मी म्हणालो. "माईक चालू होता!"

सगळे लॅपटॉपभोवती जमले. मी रेकॉर्डिंग मागं नेऊन वाजवलं. आणि काय सांगू! तात्यांचा शब्द न् शब्द! टाहो, हुंदका, 'तुजाच भारी हुता', 'तुज्या पासंगाला', सगळं कानाशी बोलल्यासारखं. बाळाबाईंचा उसासासुद्धा आला होता! आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"पुन्ना लाव."

मी पुन्हा लावलं.

"त्यो माजा आवाजच न्हवं," तात्या म्हणाले. पण कान लाल झाले होते.

"'ताल कच्चा'च्या आदी थांबवायचं हं," आबांनी मला बजावलं. "हां. पुन्ना लाव."

आता तुम्ही विचाराल, गवळणीचं काय? गवळण होती. पण लांब कुठंतरी, मडक्यात माशी अडकावी तशी गुणगुण. 'किस्ना' नाही, 'स' नाही, काही नाही. लोकांनी माझ्याकडं बघितलं. "असं कसं हो सर? आतला आवाज न्हाय, भायेरचा तेवडा आला?"

मी तज्ज्ञ! मला माहीत नाही असं म्हणता येईना. मी घसा साफ केला. "हीच तर जुन्या माईकची खासियत! नवा माईक समोरचं ऐकतो. जुना माईक चौफेर ऐकतो. भिंत, दार, गादी काही मानत नाही. आणि मनापासनं निघालेला आवाज असला की तोच आधी धरतो. ह्याला म्हणतात ऊब!"

"नाद खुळा!" अमरसिंह म्हणाले.

रात्रीचं जेवण उरकल्यावर मी आबांना म्हणालो, "आबा, उद्या दवाखान्याच्या आधी सकाळी परत एकदा गवळण घेऊ. दात अजून आहेत."

आबा तात्यांच्या अंथरुणाशेजारी आपलं अंथरूण टाकत होते. म्हणाले, "आता कुनाला धाडायची हाय?"

सोमवारी दात गेले. दवाखान्यात तात्या बरोबर गेले, दारात बसून राहिले. आता ते दर आठवड्याला मुरगूडहून येतात. दोघं मिळून गवळण म्हणतात. आबा 'कि' म्हणतात, 'स'ला तात्या पुढं होतात, 'ना'ला पुन्हा दोघं. ताल आबांचा अजून कच्चाच आहे, पण ते बोलायची आता तात्यांची छाती नाही. अमरसिंहांचा बोर्ड गल्लीच्या तोंडावर बरेच दिवस होता. आबाच म्हणाले, "फोटू झ्याक आलाय, ऱ्हाऊ दे."

आणि माझा माईक? त्याची कीर्ती गावभर झाली! लोक मागच्या खोलीत त्याला बघायला यायला लागले; स्टुलावरनं मी तो कुणाला हलवू दिला नव्हता. मी प्रत्येकाला चौफेर ऐकण्याची गोष्ट आणि उबेची गोष्ट सांगत होतो. आयटीआयमध्ये तर एक अख्खा तास त्यावर घेतला. खिजरभाई येऊन माईकाला हात लावून तो हात डोळ्यांना लावून गेले. "मी म्हनलो न्हवतो सर, ध्यानात ठेवतोय म्हनून!" त्यांच्या माळ्यावरच्या उरलेल्या माईकांचे भाव त्या दिवशी वाढले.

मग एका सकाळी संयोगितानं वाकळा धुवायला काढल्या. दाराच्या फटीत कोंबलेली वाकळ त्या रविवारपासनं दाराआडच पडली होती, ती तिनं झटकली, आणि घड्यांमधनं काहीतरी टकदिशी फरशीवर पडलं.

"अहो, ही पिन कुठं लावायची असते?"

"कुठली पिन? ती होय, ती लॅपटॉपला. त्या माईकची आहे ती. का?"

"मग ही वाकळेत कशी गुंडाळली गेली? तुम्ही वाकळ कोंबलीत तेव्हापासनं ही इथंच आहे ना?"

मी बघितलं. वायर माईकपासनं निघाली होती, दारापर्यंत गेली होती, आणि दाराच्या आतच वाकळेच्या घडीत झोपली होती. बाहेर आलीच नव्हती!

संयोगिता शांतपणे म्हणाली, "म्हणजे तात्या रडले ते कशात?"

माझी नजर लॅपटॉपाच्या कडेला गेली. मोहरीएवढं भोक माझ्याकडं बघत होतं.

मी घाईनं पिन जोडली, माईकापुढं तोंड नेलं, हॅलो म्हणालो. काही नाही. ओरडलो. काही नाही. हलवला, फुंकर मारली. जाळीतनं थोडी धूळ निघाली आणि एक मेलेलं झुरळ. बोलणारी माणसं गेली तेव्हाच तोही गेला असावा.

संयोगितानं हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच. मागच्या खोलीत आता तिचं शिलाई मशीन आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. माईक सोप्यात काचेच्या कपाटात आहे. आबा रोज त्याला हळदकुंकू लावतात.

तर घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर माईक कुठला घ्यावा? माझं उत्तर अजून तेच आहे. जुना घ्या. ऊब असते. फक्त रेकॉर्डिंगच्या वेळी बायकोचा लॅपटॉप जवळ असू द्या.